चौथ्या जागेवरची बाई

वच्छलाबाई नगरारे यांच्याविषयी लिहायला मी अगदीच नालायक माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्या ध्यान शिकवतात आणि मला पाच मिनिटं डोळे मिटून बसवत नाही. चौतीस वर्षं मी कोराडीच्या वीज केंद्रात राखेच्या विभागात काढली, त्यातली वीस युनियनमध्ये. कोणी 'शांत व्हा' म्हटलं की माझं डोकं फिरतं. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली ती, माझ्या समजुतीप्रमाणे, डोळे उघडण्यासाठी, मिटण्यासाठी नाही. हे मी विहाराच्या मीटिंगमध्ये वच्छलाबाईंच्या तोंडावर बोललोही होतो. त्यावर त्या म्हणाल्या, "डोंगरे भाऊ, तुमी डोळे उघडे ठेवून झाडू मारा, आमी मिटून बसतो. विहार दोघायचा हाय." आणि पुढच्या रविवारी खरोखरच माझ्या हातात झाडू आला. मी विहाराचा सचिव आहे. सचिवाला झाडू मारायला लावणारी बाई नागपूरच्या अख्ख्या नंदनवन वस्तीत ही एकच.

त्यांचं वय त्रेसष्ट. धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात एकतीस वर्षं आयाबाई होत्या. वणी, गोंदिया, गडचिरोली, कुठून कुठून आलेल्या पेशंटचं त्यांनी केलं. दवाखान्यात सगळे त्यांना मावशी म्हणत, आणि डॉक्टर राउंडला आला की आधी त्यांच्या तोंडाकडे बघे, असं त्या स्वतःच सांगतात. नवरा चौदा वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर कुणाच्या तरी सांगण्यावरून त्या एका शिबिरात गेल्या, तिथून ध्यान घेऊन आल्या, आणि आमच्या विहारात रविवारी सकाळी सात वाजता सतरंजी अंथरून बसायला लागल्या. पहिल्या वर्षी त्या एकट्याच बसत. आता पंचवीस-तीस माणसं येतात.

त्या जे शिकवतात त्याला मैत्री भावना म्हणतात. झाडू मारता मारता मलाही पाठ झालंय. पहिल्या जागेवर स्वतःला घ्यायचं आणि म्हणायचं, मी सुखी होवो. दुसऱ्या जागेवर जिवाभावाचं माणूस. तिसऱ्या जागेवर असं कोणी, ज्याचं आपल्याला घेणं ना देणं. दूधवाला म्हणा, चौकातला वॉचमन म्हणा. आणि चौथ्या जागेवर ते माणूस, जे नजरेसमोर आलं तरी आपलं तोंड कडू होतं. त्यालाही म्हणायचं, तू सुखी हो, निरोगी राहा. त्यानंतर मग जगातले सगळे जीव.

यात दोन नियम आहेत आणि दोन्ही त्या दर रविवारी बजावतात. एक, मेलेल्या माणसाला घ्यायचं नाही. तिथं रडू येतं आणि मैत्री बाजूला राहते. दुसरा, "चौथी जागा खरी भरा. तिथी चोरी कराल त पूरं बसणं फुकट."

लोक ती जागा मोठ्या हौसेनं भरतात. आमचे भैयाजी, बँकेतून रिटायर झालेले, पाच वर्षांपासून स्वतःच्या जावयाला घेतात. जावई आहे तसाच आहे, पण भैयाजींचं ब्लडप्रेशर उतरलं. माझ्या माहितीप्रमाणे निदान चार बायकांच्या चौथ्या जागेवर मी आहे. फुकटात कल्याण होतंय, मी कशाला तक्रार करू?

वच्छलाबाईंच्या चौथ्या जागेवर एक सिटी बसचा कंडक्टर होता. हे त्या नव्या माणसाला उदाहरण म्हणून सांगत. अकरा वर्षांपूर्वी त्यानं भर उन्हात, पायाला प्लास्टर असताना, त्यांना दोन चौक आधी उतरवून दिलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी त्या त्याला म्हणतात, सुखी हो. मी एकदा म्हटलं, बाई, त्याचं एव्हाना इतकं कल्याण झालं असेल की तो डेपोचा मॅनेजर झाला असेल. सगळे हसले. त्याही हसल्या, पण जरा उशिरानं. तो उशीर मला तेव्हा कळायला हवा होता, कारण चौथ्या जागेवर खरं कोण असायला हवं हे आमच्या वस्तीत पोरासोरांनाही ठाऊक होतं.

ती बाई म्हणजे यमुताई, वच्छलाबाईंची मोठी नणंद. वच्छलाबाई तिला नुसतं 'बाई' म्हणत. राहायला कोराडीला, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये. तिचा नवरा माझ्याच विभागात होता, म्हणून त्या घराशी माझं जाणं-येणं. सतरा वर्षांपूर्वी वच्छलाबाईंच्या मुलीचं, प्रीतीचं, लग्न ठरलं होतं. साखरपुडा झाला, हॉल बुक झाला, आणि लग्नाला वीस दिवस असताना मुलाकडच्यांनी मोडलं. मुलीला लहानपणापासून फिट येतात हे त्यांना कळलं होतं, आणि ते कळलं होतं यमुताईंकडून. मुलीच्या सख्ख्या आत्याकडून. प्रीती त्यानंतर पुण्याला गेली, शाळेत नोकरीला लागली, तिथलीच झाली. वर्षातून चार दिवस येते. वच्छलाबाईंनी त्या दिवसापासून नणंदेचा उंबरठा ओलांडला नाही. स्वतःचा नवरा गेला तेव्हा त्याची बहीण दारात उभी होती, तर या आतल्या खोलीत गेल्या आणि ती जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

गेल्या फेब्रुवारीत यमुताईंच्या मुलाचा, रोहितचा, मला फोन आला. आईला लकवा मारला होता. धंतोलीत पंधरा दिवस ठेवून डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. घरी न्या म्हणजे काय, हे आम्हा नागपूरकरांना समजावून सांगावं लागत नाही. "काका," रोहित म्हणाला, "आई रोज वच्छलामामीले बोलावून राहिली. तुमी सांगून पाहा. माहा फोन त त्या उचलत नाहीत."

रविवारी ध्यान आटोपून सगळे गेल्यावर आम्ही दोघं सतरंजीच्या घड्या घालत होतो, तेव्हा मी सांगितलं. वच्छलाबाईंनी हातातलं टोक सोडलं नाही. घडी पूर्ण केली, दुसरी घेतली. मग एकदम खाली बसल्या.

"भाऊ, मी चोरी केली," त्या म्हणाल्या. "अकरा साल त्या कंडक्टरले घेऊन बसली. त्याचा मले तिसऱ्याच दिवशी राग नव्हता. ज्या जागी बाईले बसवाचं, तिथी कंडक्टरले बसवलं. आन लोकायले सांगतो, चोरी करू नोका."

माझ्या जिभेवर आलं होतं की हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांचा चेहरा पाहून मी जीभ आवरली, आणि हे माझ्या आयुष्यात फार वेळा घडलेलं नाही. मी एवढंच म्हटलं, "मंग जाता का उद्या? मी स्कूटरनं सोडतो."

"उद्या नाही. आधी बसा लागते."

मला वाटलं दमल्या आहेत, जरा बसायचं म्हणतात. तसं नव्हतं. त्यांचा हिशेब असा होता की यमुताईंना आधी चौथ्या जागेवर घ्यायचं, राग विरघळेपर्यंत घ्यायचं, आणि मन स्वच्छ झालं की मग जायचं. "मनात आग घेऊन बिमार माणसाजवळ जाऊ काय? ते ढोंग होईन. ते बाईलेबी समजन." ऐकायला किती छान वाटतं! मीसुद्धा मान हलवली.

पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्यांसमोर कंडक्टरची गोष्ट कबूल केली. भैयाजींनी डोळे उघडून पाहिलं आणि पटकन मिटले. वच्छलाबाई म्हणाल्या, आता मी खरं माणूस घेतलं आहे, आणि तुम्हाला खरं सांगते, मला जमत नाही. सकाळी चारला उठून बसतात, यमुताईंचं नाव घेतात, 'सुखी हो' म्हणतात, आणि पुढचं 'निरोगी राहा' तोंडातून निघत नाही. दुसऱ्या आठवड्यात तेच. त्या वाळायला लागल्या. शेजारच्या शोभाताई मला येऊन म्हणाल्या, सचिवसाहेब, बाई जेवत नाहीत हो, दिवसातून तीन तीन वेळा बसतात. तिकडून रोहितचे फोन. आई विचारते, मामी निघाली का?

सतराव्या दिवशी माझा तोल सुटला. मी त्यांच्या घरी गेलो. दार उघडं होतं, त्या आसनावर बसल्या होत्या. ध्यानात असलेल्या माणसाशी बोलू नये हे मला ठाऊक आहे. मी बोललो.

"वच्छलाबाई, थे बाई तिकडं मरून राहिली आन तुमी इकडं मन धुऊन राहिल्या. अजून किती पाण्यानं धुता? उद्या गेली म्हणजे? तुमचाच नियम हाय नं, मेलेल्याले घ्याचं नाही. मंग काय कराल? परत कंडक्टर?"

मी बोललो आणि मला लगेच वाईट वाटलं. त्यांनी डोळे उघडले. रडतील असं वाटलं होतं, पण त्या संतापल्या होत्या. मी हात जोडून निघणार, तोच त्या उठल्या, खुंटीवरची पिशवी घेतली, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, "काढा स्कूटर."

नंदनवन ते कोराडी, माझ्या जुन्या स्कूटरवर पाऊण तास. मानकापूर मागे पडल्यावर एकदम कानाशी आवाज आला, "राग तसाच हाय भाऊ. सांगून ठेवतो. उगाच काही अपेक्षा ठेवू नोका." मी म्हटलं, मी कसलीच ठेवत नाही, फक्त नीट धरून बसा. कोळशाचा ट्रक धूळ उडवत अगदी जवळून गेला आणि दोघांच्या पांढऱ्या कपड्यांची काय ती शोभा झाली.

क्वार्टरचं दार रोहितची बायको उन्नती हिनं उघडलं. पोरगी रात्ररात्र जागून पार सुकली होती. आतल्या खोलीत यमुताई पलंगावर. डावी बाजू पूर्ण गेलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, पण जीभ चालत होती. आणि जीभ यमुताईंचीच होती, त्यात काही फरक नव्हता. मी मनात कितीतरी वेळा हा प्रसंग रंगवला होता. ही माफी मागेल, ती हात धरेल, मी बाजूला उभा राहीन. यमुताईंनी दारात उभ्या असलेल्या भावजयीकडे पाहिलं आणि म्हणाल्या,

"आली का वं? हे पोरगी मले पोतं फेकल्यावानी पलटवते. तू पलटव."

वच्छलाबाई जागच्या हलल्या नाहीत. "सतरा सालानं बोलावलं ते याच्यासाठी?"

"मंग कायच्यासाठी?" यमुताई म्हणाल्या.

मला वाटलं, संपलं. आता ही माघारी फिरणार आणि मला परत पाऊण तास स्कूटर चालवावी लागणार, तीही शिव्या खात. वच्छलाबाई वळल्याच. पण बाहेरच्या दाराकडे न जाता मोरीकडे गेल्या. नळाचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. कोपरापर्यंत हात धुऊन, पदर खोचून त्या आत आल्या आणि उन्नतीला म्हणाल्या, "बेटा, एक जुनी चादर दे आन दोन उशा. आन पाहा, मी कशी करतो."

मी दाराबाहेर सरकलो, पण आवाज येत होता. आधी गुडघा वाकवायचा. मग चादरीची गुंडाळी कमरेखाली घ्यायची. ओढायचं माणसाला नाही, चादरीला. खांदा आणि कंबर एकदम फिरली पाहिजे, नाही तर मणक्याला ओढ बसते. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. आणि दर दोन तासांनी, घड्याळ लावून, रात्रीसुद्धा. मग एकदम आवाज थांबला. पडून पडून पाठीला झालेली जखम त्यांनी पाहिली असावी. त्या पुन्हा बोलल्या तेव्हा आवाज तोच होता, पण त्यातला वरचा सूर गेला होता.

"इतकं झालं आन कोणाले सांगितलं नाही, बाई?"

"तुलेच त सांगून राहिली होती सतरा दिवस," यमुताई म्हणाल्या.

त्या दिवसापासून वच्छलाबाई रोज जायला लागल्या. नंदनवनातून बर्डी, बर्डीवरून कोराडी, दोन बस बदलून. दहाला पोचायच्या, जखम धुवायच्या, अंग पुसायच्या, भरवायच्या, एकला निघायच्या. आणि रोज भांडायच्या! उन्नती मला सांगे, काका, अशा भांडतात की शेजारचे खिडकीशी येतात. वरणात मीठ कमी का, इथपासून सुरुवात आणि प्रीतीच्या लग्नापर्यंत शेवट. आठ-पंधरा दिवसांतून एकदा मी स्कूटरवर न्यायचो, तेव्हा एक भांडण माझ्याही कानावर पडलं.

"मी खोटं नाही बोलली," यमुताई म्हणत होत्या.

"खोटं नाही बोलल्या. पण तुमाले इचारलं कोणी होतं?"

"पोराच्या मायनं इचारलं होतं. घरी आली होती, माह्या हाताले धरून इचारलं, पोरीले काही हाय काय, सांगा. मी काय सांगू? तू जे सगळ्यायले पढवून ठेवलं होतं, पोरीले काही नाही म्हणून, ते सांगू?"

सतरा वर्षं आमच्या वस्तीत सगळे हेच धरून चालले होते की यमुताई आपण होऊन सांगायला गेल्या. वच्छलाबाईही तेच धरून चालल्या होत्या, किंवा त्यांना तसं धरून चालायचं होतं.

परत येताना स्कूटर पंक्चर झाली. दुकानासमोरच्या बाकावर बसून वच्छलाबाईंनी मला सगळं सांगितलं, मी काहीच विचारलं नसताना. प्रीतीच्या गोळ्या त्यांनी पिठाच्या डब्यात लपवल्या होत्या. पाहुणे यायचे त्या दिवशी पोरीला कोपऱ्यात घेऊन शिकवलं होतं, लग्नानंतरही चोरून खायच्या, नवऱ्यालासुद्धा कळू द्यायचं नाही. "दवाखान्यात मी लोकायच्या पोरीयले सांगत होती, फिटची बिमारी लपवू नोका, लाजेची बात नाही. आन माह्या घरी पिठाचा डबा." त्या पुढे म्हणाल्या, "बाईनं सांगितलं नसतं त माही पोरगी जिंदगीभर चोरून गोळ्या खात राहिली असती. आता शाळेत सगळ्यायसमोर खाते. हे मले पहिल्याच दिवशी समजलं होतं भाऊ. म्हणून त बाईचा राग जास्त आला."

मी विचारलं, "मंग आता गेला राग?"

"नाही," त्या म्हणाल्या. मग पंक्चरवाल्याला म्हणाल्या, हवा जास्त भरू नको, डोंगरे भाऊ जोरात चालवतात.

त्या आठवड्यात त्यांनी प्रीतीला पुण्याला फोन केला आणि तासभर बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. सगळंच विचारायचं नसतं, एवढं तर मला झाडू मारता मारता समजलं आहे. रविवारचं ध्यान चालूच होतं. फक्त चौथी जागा आली की त्या आता पूर्वीसारखं लांबलचक समजावत नसत. म्हणायच्या, घ्या, आणि जमलं नाही तर नाही जमलं, पण त्या माणसाच्या घरचा रस्ता मालूम असू द्या.

वच्छलाबाई जायला लागल्यापासून यमुताई सव्वा महिना जगल्या. घरी पाठवताना डॉक्टरांनी आठ दिवस सांगितले होते. पाठीची जखम भरत आली होती, हे पाहून त्या डॉक्टरनं उन्नतीला विचारलं म्हणे, कोणती नर्स ठेवली? शेवटच्या दिवसांत मात्र ताप उतरेना आणि भांडणं बंद झाली. भांडण बंद झालं की घर किती भयाण होतं, हे मला त्या क्वार्टरमध्ये कळलं.

त्यातली एक दुपार मी पाहिली. मी दाराशी मोसंबी सोलत बसलो होतो. यमुताई कुशीवर होत्या, तोंड भिंतीकडे. वच्छलाबाई कोमट पाण्याच्या फडक्यानं त्यांची पाठ पुसत होत्या, वरून खाली, सावकाश, जखमेच्या कडेनं. खोलीत पंख्याशिवाय आवाज नव्हता. यमुताईंनी भिंतीकडेच तोंड ठेवून विचारलं,

"वच्छला, राग गेला का वं तुहा?"

वच्छलाबाईंचा हात थांबला नाही. "नाही गेला, बाई."

"मंग रोज काहून येते?"

"राग जायाची वाट पाहत बसली होती सतरा दिवस," वच्छलाबाई म्हणाल्या. "तवा तुमची पाठ सडली."

यमुताईंचा चांगला हात मागे चाचपडत आला आणि वच्छलाबाईंच्या मनगटाला लागला, आणि तिथंच राहिला. वच्छलाबाईंनी फडकं दुसऱ्या हातात घेतलं आणि पुसत राहिल्या. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. चौतीस वर्षं राखेत काढली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं की सगळे राखेला दोष देत. त्या खोलीत राख नव्हती. मी रडलो, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

"उद्या लवकर येजो मंग," यमुताई म्हणाल्या. "दहा वाजेपर्यंत जीव लय तडफडते."

"सातच्या बसनं येतो," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि त्यांची कूस बदलायला चादर गुंडाळू लागल्या.